पोर्टेबल पॉवर स्टेशन घेताय? आधी हिशेब मांडा!

वीज गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सगळ्यांची गेली आहे की आपलीच?' मग खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहिले जाते, तिथेही अंधार दिसला की थोडे हायसे वाटते आणि मेणबत्तीची शोधाशोध सुरू होते. भारनियमनाची वर्षे महाराष्ट्राने पुरेपूर भोगली आहेत. शहरांतील ते वेळापत्रकाचे दिवस आता मागे पडले असले, तरी वीज अचानक जाण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा एरवी क्वचितच अंधार पाहणाऱ्या या महानगरात लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि घरून काम करणाऱ्यांचे संगणक बंद पडले. त्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्यानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांना विजेसाठी काही आठवडे वाट पाहावी लागली. गावाकडे असलेल्या आई-वडिलांचा मोबाइल चार्ज झालेला नाही, म्हणून त्यांच्याशी संपर्कच होत नाही, हा अनुभव तेव्हा मुंबई-पुण्यातील अनेकांनी घेतला.

अशा प्रसंगांमुळे एका नव्या वस्तूकडे मध्यमवर्गीय ग्राहकांचे लक्ष गेले आहे. तिचे नाव पोर्टेबल पॉवर स्टेशन. हातात उचलून नेता येणारी, घरात वीज गेल्यावर उपयोगी पडणारी आणि सुटीच्या दिवशी गाडीत टाकून पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठी तंबूपर्यंत नेता येणारी ही पेटी आकर्षक आहे यात शंका नाही. मात्र ती स्वस्त नाही. हिशेब न मांडता घेतली, तर हजारो रुपये खर्चून केवळ मोबाइल चार्ज करण्याची वेळ येते. म्हणूनच ही खरेदी करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

पेटीत असते तरी काय?

या यंत्रात चार प्रमुख भाग असतात. पहिला, लिथियम बॅटरी. दुसरा, बॅटरीतील एकदिश विजेचे घरगुती २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर. तिसरा, भिंतीवरील सॉकेट, मोटारीतील १२ व्होल्टचे सॉकेट किंवा सौर पॅनेल यांपासून बॅटरी भरणारा चार्जर. आणि चौथा, बॅटरीच्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा. अतिभार, अतितापमान किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडण्याचे काम ही यंत्रणा करते. थोडक्यात, आपल्या घरातील इन्व्हर्टर आणि बॅटरी ही जोडी एकाच पेटीत बसविली, शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची घातली आणि वर मूठ लावली, की पॉवर स्टेशन तयार होते. डिझेल किंवा पेट्रोलच्या जनित्राप्रमाणे त्यातून धूर निघत नाही, त्यामुळे ते खोलीत वापरता येते. जनित्र मात्र कधीही बंद जागेत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.

दोन आकडे, दोन अर्थ

जाहिरातीत दोन आकडे ठळकपणे दिलेले असतात आणि ग्राहकाचा गोंधळ नेमका तेथेच होतो. एक आकडा वॉटचा, दुसरा वॉट-तासांचा. घराच्या पाण्याचे उदाहरण घेतले, तर वॉट-तास म्हणजे टाकीत पाणी किती मावते आणि वॉट म्हणजे नळातून एका वेळी किती धार सुटते. टाकी मोठी असली तरी नळ बारीक असेल तर बादली वेगाने भरणार नाही; नळ मोठा पण टाकी लहान असेल तर पाणी लवकर संपेल.

'३०० वॉट, ५०० वॉट-तास' असे लिहिलेले असेल, तर त्या यंत्रावर एका वेळी ३०० वॉटपर्यंतचीच उपकरणे चालतील आणि साठा ५०० वॉट-तासांचा, म्हणजे वीजबिलातील अर्ध्या युनिटइतका असेल. एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. हे एकदा ध्यानात आले, की मोठमोठ्या शब्दांच्या जाहिरातींकडे डोळसपणे पाहता येते.

हा साठाही पूर्ण हाती लागत नाही. बॅटरीतील विजेचे २३० व्होल्टमध्ये रूपांतर होताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे लिहिलेल्या क्षमतेच्या साधारण ८५ टक्केच प्रत्यक्षात मिळतील, असे धरून चालावे. ५०० वॉट-तासांच्या यंत्रातून सुमारे ४२५ वॉट-तास उपयोगात येतात.

काही विक्रेते वॉट-तासांऐवजी '८०,००० एमएएच' असा भलामोठा आकडा छापतात. तो मोबाइलच्या पॉवर बँकेवरून आपल्या ओळखीचा असतो, म्हणून ग्राहक चटकन भुलतो. परंतु हा आकडा सेलच्या व्होल्टतेशिवाय निरर्थक आहे. एमएएचला व्होल्टने गुणून १,००० ने भागले की वॉट-तास मिळतात. ८०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर २९६ वॉट-तास, तर ३.२ व्होल्टच्या सेलवर अवघे २५६ वॉट-तास. खोक्यावर वॉट-तास कोठेच लिहिलेले नसतील, तर ती वस्तू न घेतलेलीच बरी.

घरचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे. चार तास वीज गेली तर काय काय चालायलाच हवे, याची यादी करावी. एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. दोन साधे टेबल फॅन, प्रत्येकी ५५ वॉट. नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे. इंटरनेटचा राउटर, १० वॉट. आणि दोन मोबाइल, प्रत्येकी एकदा चार्ज करण्यास साधारण १५ वॉट-तास.

चार तासांत पंख्यांना ४४० वॉट-तास, दिव्यांना १०८, राउटरला ४० आणि मोबाइलना ३० वॉट-तास लागतील. एकूण झाले ६१८. याला ०.८५ ने भागले, की आवश्यक क्षमता सुमारे ७२७ वॉट-तास येते. म्हणजे ७५० ते ८०० वॉट-तासांचे यंत्र घ्यावे लागेल.

आता याच यादीत एक बदल करू. साध्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी मोटारीचे पंखे घेतले, तर पंख्यांचा वापर ४४० वरून २४० वॉट-तासांवर येतो. एकूण ४१८ आणि आवश्यक क्षमता सुमारे ४९२ वॉट-तास. ५०० वॉट-तासांच्या यंत्रात भागते. दोन पंखे बदलण्याचा खर्च हा अडीचशे-तीनशे वॉट-तासांची जादा लिथियम बॅटरी घेण्याच्या खर्चापेक्षा सहसा कमी असतो आणि त्या पंख्यांमुळे एरवीचे वीजबिलही थोडे उतरते. किफायतशीर पॉवर स्टेशन निवडण्याचा पहिला नियम त्यामुळे असा, की आधी उपकरणांची भूक कमी करावी, मग बॅटरी घ्यावी.

ज्या उपकरणांत वीज उष्णतेत बदलते, ती या यादीत घालूच नयेत. इंडक्शन शेगडी १,८०० ते २,००० वॉट खाते, गिझर २,००० वॉटच्या आसपास, इस्त्री साधारण १,००० वॉट. ५०० वॉट-तासांच्या यंत्रावर दोन हजार वॉटची शेगडी चालली असती, तरी साठा पाव तासही टिकला नसता. काही यंत्रांवर क्षमतेपेक्षा जास्त वॉटची उपकरणे चालविण्याची खास सोय असल्याचे सांगितले जाते. त्यात बहुधा व्होल्टता उतरवून उपकरणाला कमी वीज दिली जाते. हीटरसारख्या साध्या उपकरणांवर ही युक्ती चालते, मोटार किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नये.

फ्रिजचे गणित थोडे वेगळे आहे. मध्यम आकाराचा घरगुती फ्रिज चालू असताना १०० ते १५० वॉटच घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट वीज ओढतो. हा धक्का पेलण्याची ताकद, म्हणजे 'सर्ज' क्षमता, यंत्रात नसेल तर ते बंद पडते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेले नवे फ्रिज तुलनेने सौम्यपणे सुरू होतात. परंतु मुळात दोन-चार तासांसाठी फ्रिज चालविण्याची गरज आहे का, याचाही विचार करावा. दार उघडले नाही, तर फ्रिजमधील गारवा साधारण चार तास टिकतो. तेवढ्यासाठी दुप्पट किमतीचे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही.

छताच्या पंख्याचे काय?

दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे पॉवर स्टेशन हे घराच्या वायरिंगला जोडलेले नसते. त्याच्यावरील सॉकेटमध्ये ज्या वस्तूची पिन बसते, तेवढीच वस्तू चालते. छताचा पंखा आणि भिंतीवरील दिवे घरातील वायरिंगवर असल्याने त्यांचा या यंत्राशी काहीही संबंध येत नाही. ते घरी आणल्यावर पंख्याकडे पाहत घामाघूम बसावे लागते आणि मग टेबल फॅनची खरेदी होते. म्हणूनच वरच्या हिशेबात टेबल फॅन धरले आहेत.

यावर काही मंडळी एक भयंकर उपाय योजतात. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर तयार करून तिचे एक टोक यंत्रात आणि दुसरे भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसतात, म्हणजे संपूर्ण घरात वीज खेळते. हे कदापि करू नये. मेन स्विच चालू राहिला असेल, तर ही वीज घराबाहेरच्या तारांमध्ये उलटी जाऊ शकते. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर ते बेतू शकते. रोहित्रातून उलट गेलेली वीज कमी दाबाची राहत नाही, उच्च दाबाची होते. शिवाय त्या वायरचे एक टोक भिंतीतून निसटले, तर उघड्या पिनांमध्ये जिवंत वीज असते आणि घरात लहान मूल असेल तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. मूळ पुरवठा अचानक परत आला तर यंत्र जळते, ते वेगळेच. संपूर्ण घराला पर्यायी वीज हवी असेल, तर परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

इन्व्हर्टर की पॉवर स्टेशन?

स्वतःच्या घरात कायम राहणाऱ्या, वायरिंगमध्ये बदल करण्यास मोकळीक असलेल्या आणि वारंवार वीज जाणाऱ्या भागातील कुटुंबांसाठी नेहमीचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी ही जोडी आजही अधिक किफायतशीर आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास साठतात. शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकावी यासाठी तिचा निम्माच साठा वापरावा असे म्हणतात. तसे धरले तरी ९०० वॉट-तास हाती येतात. अशा जोडीला जेवढी रक्कम लागते, तेवढ्या रकमेत पॉवर स्टेशन घ्यायला गेल्यास त्याची क्षमता बहुधा ५०० वॉट-तासांच्या आतच राहते. छताचे पंखे व दिवे आपोआप सुरू होतात, ही सोय वेगळीच.

मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीचे वजन ५० किलोच्या वर असते, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते, ती हवेशीर जागी ठेवावी लागते आणि घर बदलताना तिचे लोढणे होते. भाड्याच्या घरात राहणारे, वर्षातून मोजक्याच वेळा वीज जाणाऱ्या भागातील रहिवासी, गावच्या घरी अधूनमधून जाणारे आणि सहलीची आवड असणारे, यांच्यासाठी पॉवर स्टेशन सोयीचे ठरते. आणि ज्यांची गरज केवळ 'ऑनलाइन बैठक चालू असताना इंटरनेट जाऊ नये' एवढीच आहे, त्यांनी या दोहोंपैकी काहीच घेऊ नये. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस दोन-अडीच हजार रुपयांच्या आतबाहेर येतो, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. निम्म्या घरांचा प्रश्न एवढ्यावर सुटतो.

बॅटरीचे रसायन

लिथियम बॅटरी हा एकच प्रकार नाही. पॉवर स्टेशनमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. पहिला, निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी. दुसरा, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. लिथियम आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. लोह आणि फॉस्फेट वापरणारा प्रकार १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सास विद्यापीठातील प्रा. जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणला. लिथियम बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एनएमसी बॅटरी तेवढ्याच साठ्यासाठी हलकी असते. एलएफपी थोडी जड, पण अधिक तापमान सहन करणारी आणि दीर्घायुषी. बॅटरी पूर्ण भरून पूर्ण रिकामी झाली की एक आवर्तन होते. मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेपर्यंत एनएमसीची सर्वसाधारणपणे ५०० ते १,००० आवर्तने होतात, तर एलएफपीची दोन-तीन हजार किंवा त्याहून अधिक.

याचा पैशांतील अर्थ काय? उदाहरणादाखल असे समजा, की ५०० वॉट-तासांचे एनएमसी यंत्र २५ हजार रुपयांना आणि तेवढ्याच क्षमतेचे एलएफपी यंत्र ३५ हजारांना मिळते. पहिले ५०० आवर्तने टिकले, तर रूपांतरातील घट आणि वाढत्या वयाबरोबर होणारी क्षमतेची घट धरून आयुष्यभरात सुमारे १९० युनिट वीज देईल. म्हणजे एका युनिटमागे सुमारे १३० रुपये. दुसरे ३,००० आवर्तने टिकले, तर सुमारे १,१५० युनिट, म्हणजे एका युनिटमागे तीसच रुपये. दहा हजार रुपये जास्त मोजूनही दुसरे यंत्र स्वस्त पडते.

पण या हिशेबालाही दुसरी बाजू आहे. वर्षातून वीस वेळाच यंत्र वापरणाऱ्या कुटुंबाची ५०० आवर्तने व्हायला पंचवीस वर्षे लागतील. तोपर्यंत कोणतीही लिथियम बॅटरी केवळ वयोमानाने म्हातारी झालेली असेल. अशा कुटुंबाने एलएफपी निवडावी ती सुरक्षिततेसाठी. आवर्तनांचा भलामोठा आकडा दाखवून कोणी अवाच्या सवा किंमत सांगत असेल, तर त्याला भुलण्याचे कारण नाही. दोन यंत्रांची तुलना करताना प्रति वॉट-तास किती रुपये पडतात, हा भागाकार दुकानातच करून पाहावा.

तंबूतला हिशेब

काजवे पाहायला भंडारदऱ्याला किंवा थंडीत एखाद्या तलावाकाठी दोन रात्री मुक्काम करणाऱ्या चौघांची गरज फारशी मोठी नसते. पाच वॉटचा दिवा रोज सहा तास, असे दोन रात्रींचे ६० वॉट-तास. चार मोबाइल दोनदा चार्ज करण्यास १२० वॉट-तास. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांसाठी ४० वॉट-तास. एकूण २२०. यूएसबीवरील छोटा पंखा धरूनही ३०० वॉट-तासांचे यंत्र पुरते. त्याचे वजन चार-पाच किलोच्या आसपास असते आणि ते गाडीतून नेणे सहज शक्य आहे. १,००० वॉट-तासांच्या यंत्राचे वजन दहा किलोच्या पुढे जाते. ते 'पोर्टेबल' असले, तरी गाडीपासून तंबूपर्यंत नेईतो खांदा दुखतो.

पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी या यंत्राच्या वाटेलाच जाऊ नये. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-तास असतात. अशा दोन पॉवर बँकांत दोघा-तिघांची दोन दिवसांची सोय होते.

विमानाने प्रवास करून हिमाचल किंवा लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढील बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. साहजिकच पॉवर स्टेशन विमानात चालत नाही. शिवाय अतिथंड प्रदेशात लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, तिचे कायमचे नुकसान होते.

तंबूत यंत्र वापरताना ते जमिनीवरील दवापासून आणि पावसापासून दूर ठेवावे. बहुतेक यंत्रे पाण्यापासून सुरक्षित नसतात. तसेच उन्हात बंद केलेल्या मोटारीत ते कधीही ठेवून जाऊ नये.

सूर्यावर किती विसंबावे?

सौर पॅनेलसह मिळणारे संच पाहून 'आता वीज फुकट' असे वाटते. १०० वॉटचे पॅनेल मात्र १०० वॉट क्वचितच देते. स्वच्छ उन्हात, योग्य कोनात ठेवले तर ६० ते ७५ वॉट मिळाले तरी समाधान मानावे. हिवाळा-उन्हाळ्यातील एका चांगल्या दिवसात अशा पॅनेलपासून तीन-चारशे वॉट-तास मिळू शकतात. म्हणजे ५०० वॉट-तासांचे यंत्र भरायला दीड दिवस लागतो. पावसाळ्यात, म्हणजे कोकणात वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक असते नेमक्या त्या दिवसांत, हे प्रमाण फारच खाली येते. इमारतीच्या खिडकीत काचेमागे ठेवलेल्या पॅनेलकडून तर फारशी अपेक्षाच ठेवू नये.

पॅनेल वेगळे घेणार असाल, तर त्याची कमाल व्होल्टता यंत्राच्या मर्यादेत बसते की नाही, हे पाहणे अनिवार्य आहे. मर्यादेबाहेरच्या व्होल्टतेने यंत्र बिघडते. चार्जर एमपीपीटी प्रकारचा असेल तर उन्हाच्या चढउतारांतून अधिक वीज पदरी पडते. मोटारीच्या सॉकेटमधून साधारण १०० वॉटच मिळतात, त्यामुळे चार-पाच तासांच्या प्रवासात ५०० वॉट-तासांचे यंत्र जेमतेम भरते.

घरात रुग्ण असेल तर

या खरेदीमागे अनेकदा घरातील रुग्णाची काळजी असते. येथे चूक परवडणारी नसते. पाच लिटर क्षमतेचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॉट घेतो. ५०० वॉट-तासांच्या यंत्रावर तो सव्वा तासच चालेल. 'रात्रभराची सोय झाली' अशा समजुतीत कोणी राहिले, तर त्याचे परिणाम गंभीर होतील. अशा रुग्णाच्या घरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाच खरा आधार आहे. पॉवर स्टेशनकडे सिलिंडर जोडेपर्यंतची मधली सोय म्हणून पाहावे.

झोपेत श्वास अडखळणाऱ्यांसाठीच्या सीपॅप यंत्राची गरज मात्र कमी असते. त्यातील पाणी तापविणारा भाग बंद ठेवला, तर ४० वॉटच्या हिशेबाने आठ तासांना ३२० वॉट-तास लागतात आणि ५०० वॉट-तासांच्या यंत्रावर रात्र निभावते. कोणत्याही वैद्यकीय उपकरणासाठी शुद्ध साइन तरंग देणारेच यंत्र घ्यावे, डॉक्टरांना आणि उपकरणाच्या विक्रेत्याला आधी विचारावे. त्यानंतर घरात वीज असतानाच एकदा मुख्य पुरवठ्याऐवजी त्या यंत्रावर उपकरण चालवून, ते किती वेळ टिकते हे घड्याळ लावून पाहावे.

खरेदीच्या वेळी काय पाहाल?

कमी किमतीच्या काही यंत्रांत शुद्ध साइन तरंगाऐवजी ओबडधोबड तरंगाची वीज मिळते. तिच्यावर दिवे लागतात, पण पंख्याची मोटार गुरगुरते व तापते. त्यामुळे 'प्युअर साइन वेव्ह' असा स्पष्ट उल्लेख असलेलेच यंत्र निवडावे. डेस्कटॉप संगणक बंद न पडता चालू राहावा अशी अपेक्षा असेल, तर मूळ पुरवठा गेल्यावर बॅटरीवर जाण्यास किती वेळ लागतो हे विचारावे. तो २० मिलिसेकंदांच्या आत असावा.

यंत्राच्या स्वतःच्या भुकेकडेही लक्ष द्यावे. २३० व्होल्टचे बटण चालू ठेवले, की काहीही जोडलेले नसतानाही इन्व्हर्टर साधारण १० वॉट खात राहतो. या वेगाने ५०० वॉट-तासांचा साठा दोन दिवसांत आपोआप संपतो. एवढ्याशा राउटरसाठी हे बटण रात्रभर चालू ठेवणे म्हणजे जेवढी वीज वापरली, तेवढीच वाया घालवणे. जी उपकरणे यूएसबी किंवा १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतात, ती तेथेच जोडावीत.

लिथियम सेल आणि बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. वस्तूवर मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे की यंत्र परगावी पाठवावे लागेल, हेही विचारावे. पाच-दहा किलोची लिथियम बॅटरी कुरिअरने पाठविणे सोपे नसते. हमी बॅटरीलाही लागू आहे का आणि किती वर्षांची, हे बिलावर लिहून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

निगा आणि निरोप

पॉवर स्टेशन आणून माळ्यावर टाकले आणि वर्षाने वीज गेल्यावर काढले, तर ते बंद पडलेले सापडण्याचीच शक्यता अधिक. वापर नसेल तेव्हा ५० ते ६० टक्के भरून थंड, कोरड्या जागी ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी तपासून पुन्हा भरावे. पावसाळ्यापूर्वी एकदा पूर्ण भरून, यादीतील उपकरणे प्रत्यक्ष जोडून पाहावीत. चार्जिंग करताना ते बिछान्याजवळ, पडद्याखाली किंवा घराच्या दाराशी ठेवू नये. आग लागलीच तर बाहेर पडण्याची वाट मोकळी राहायला हवी. बॅटरी फुगली, तीव्र वास आला किंवा धूर दिसला, तर यंत्र उचलण्याच्या फंदात न पडता सर्वांनी बाहेर पडून अग्निशामक दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.

आयुष्य संपलेले यंत्र कचऱ्याच्या डब्यात टाकणे किंवा भंगारवाल्याला देणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने लागू केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवण्याची जबाबदारी ग्राहकांवर. खरेदीच्या वेळीच जुने यंत्र कोठे जमा करायचे, हे विचारून ठेवलेले बरे.

अर्थात, सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सर्वांत चांगले यंत्र असे नाही. ज्याची यादी तयार आहे, त्याला पाचशे वॉट-तासही पुरतात. ज्याची यादीच नाही, त्याला दोन हजारही अपुरे पडतात. वहीच्या एका पानावर उपकरणांची नावे, त्यांचे वॉट आणि तास लिहिले, बेरीज करून ०.८५ ने भागले, की उत्तर समोर येते. या हिशेबाला दहा मिनिटे लागतात. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा घरातली कोणती वस्तू किती वेळ चालणार आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक असेल.